रुग्णालयातील भेट : काय न्यावे आणि कोणाला द्यावे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्याख्यानमालेत माझ्या आधी अनेक विद्वान वक्ते बोलून गेले आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. मीटरपट्टी हाती धरण्यात ज्याची हयात गेली, त्याने व्यासपीठावरून काय सांगावे, हा प्रश्न मी विश्वस्तांपुढे मांडला. तेव्हा ते म्हणाले, "रुग्णांना भेटायला तुम्ही वर्षानुवर्षे जात आहात. तेथे जे पाहिले, तेच सांगा." म्हणून आजचा विषय अगदी साधा आहे. रुग्णालयात भेट म्हणून काय न्यावे, काय नेऊ नये. आणि ज्यांच्या हातून आपला माणूस बरा होतो, त्या डॉक्टर, परिचारिका व सेवकवर्गाविषयीची कृतज्ञता कशी व्यक्त करावी.

आपल्या समाजात कोणी दवाखान्यात दाखल झाल्याचे कळले, की दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. ही आपली मोठी दौलत आहे, आणि ती जपली पाहिजे असे मी मानतो. परंतु रिकाम्या हाताने जाऊ नये हा संस्कार आपल्यात इतका मुरलेला आहे, की हातात नेमके काय आहे याचा विचार मागे पडतो. घरी दिलेली भेट नको असेल तर कपाटात तरी पडून राहते. रुग्णालयात कपाट नसते. खाटेशेजारी वीतभर लॉकर. त्यावर औषधे, पाण्याची बाटली, तपासण्यांचे कागद. तेथे पाच करंड्या फळे आली, म्हणजे सोबतीला बसलेल्या सूनबाईंचे काम वाढले, एवढाच त्याचा अर्थ.

शहाळ्याचेच उदाहरण घ्या. रुग्णाला भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही आपल्याकडची जवळजवळ सर्वमान्य रीत. तापातून उठलेल्या माणसाला ते पाणी अमृतासारखे लागते, हे खरेच आहे. परंतु त्याच पाण्यात पोटॅशियम नावाचा क्षार मोठ्या प्रमाणात असतो. ज्याची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत, त्याच्या शरीरातून तो बाहेर पडत नाही. रक्तात साठतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. केळी, मोसंबी, सुका मेवा यांनाही तीच गोष्ट लागू आहे. रक्तदाबाची व हृदयविकाराची काही औषधे अशी आहेत, की ती घेणाऱ्यालाही हे जपावे लागते. मधुमेही माणसाला चिकू आणि द्राक्षे नेऊ नयेत हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. डायलिसिस करणाऱ्याला शहाळे नेऊ नये, हे मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही. शिवाय हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी द्यायचे ते मोजून ठरवलेले असते, आणि पोटात किती गेले याचा हिशेब परिचारिका तक्त्यावर लिहीत असतात. आपण प्रेमाने पाजलेला पेलाभर रस त्या तक्त्यावर चढत नाही. ज्या वहीत नोंद सुटली, ती वही काय कामाची, हे आपणा व्यापाऱ्यांना निराळे सांगायला नको.

अर्धांगवायूच्या रुग्णाचे आणखी वेगळे आहे. त्याची गिळण्याची शक्ती मंदावलेली असू शकते. चमचाभर पाणी घशाकडून श्वासनलिकेत उतरले, तर त्यातून न्यूमोनिया होतो. "दोन घोट तरी घ्या" असा आग्रह तेथे करू नये. शस्त्रक्रियेच्या आधीचे पथ्यही असेच कडक असते. भूल देण्यापूर्वी सर्वसाधारणपणे सहा तास पोटात अन्न जाऊ देत नाहीत. दूधही त्यांच्या लेखी अन्नच, आणि साधे पाणीदेखील दोन तास आधी बंद होते. अशा वेळी कोणी पेढा भरवला, शेजाऱ्यांनी श्रद्धेने आणलेला प्रसाद तोंडात घातला, तर ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आणि भरवल्याचे कोणी सांगितलेच नाही, तर भुलेत उलटी होऊन जिवावर बेतू शकते. खाण्याची वस्तू नेण्यापूर्वी घरच्यांना एक फोन करावा, एवढेच पुरे आहे.

खाण्याचा विषय निघाला आहे, तर आपल्या रुग्णांविषयीही बोलतो. चौविहार पाळणाऱ्या आजींना भेटायला आपण दुकान बंद करून साडेआठला जातो आणि डबा पुढे करतो. त्या नाही म्हणतात, आपल्याला वाईट वाटते, आपले मन राखता आले नाही म्हणून त्यांनाही वाईट वाटते. डबा न्यायचा तर सूर्यास्तापूर्वी पोहोचेल असा न्यावा. अन्य धर्मीय मित्र आपल्या रुग्णासाठी केक, मध किंवा कसलेसे पौष्टिक चूर्ण प्रेमाने आणतात. त्यांना संकोचात पाडण्यापेक्षा "आमच्याकडे हे चालत नाही, तुम्ही नुसते या" असे घरच्यांनी आधीच मोकळेपणाने सांगितलेले बरे. गंधोदक किंवा न्हवण न्यायचे असेल तर जरूर न्यावे. मात्र ते मस्तकी लावावे, पट्टीवर वा जखमेजवळ नव्हे, आणि अतिदक्षता विभागात परिचारिकेला विचारल्यावाचून नव्हेच. आणखी एक. पर्युषणाच्या दिवसांत आजारी माणसाला "या वर्षी तुमची अठ्ठाई राहिली" असे कृपा करून कोणी म्हणू नये. त्याच्या मनाला ते आधीच लागलेले असते.

फुलांविषयी थोडक्यात सांगतो. ज्यांची प्रतिकारशक्ती उपचारांमुळे खालावलेली आहे, उदाहरणार्थ केमोथेरपी घेणारे रुग्ण, त्यांच्याजवळ फुले आणि फुलदाणीतले साचलेले पाणी नको असते, कारण त्यात जंतू वाढतात. अतिदक्षता विभागात ती बहुधा दारावरच थांबवतात. दम्याच्या रुग्णाला परागांचा त्रास होतो, अत्तराचाही होतो. आणि तोडलेली फुले भेट म्हणून द्यावीत की नाही, याविषयी आपल्यापैकी अनेकांची मते आधीच ठरलेली आहेत, त्यात मी शिरत नाही.

आता माझ्या अधिकाराच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे कापड. रुग्णासाठी कपडे घ्यायला ग्राहक दुकानात येतात, तेव्हा मी प्रथम एकच विचारतो : सलाइन कोणत्या हाताला आहे? डोक्यावरून घालायचा सदरा किंवा गाऊन अशा माणसाच्या काही उपयोगाचा नाही. पुढून पूर्ण उघडणारा, बटणांचा किंवा बंदांचा असावा. शिंप्याला सांगून एका खांद्याची शिवण उसवून तेथे बंद लावून घेतले, तर सलाइनची नळी न काढता कपडा बदलता येतो. दहा मिनिटांचे काम आहे. कापड सुती असावे. मलमल किंवा मऊ केंब्रिक उत्तम. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, आणि पडून असलेल्या माणसाच्या पाठीला ते जाचते. रंग फिका निवडावा. लोकांना वाटते की गडद रंगावर डाग दिसत नाहीत म्हणून तो बरा. परंतु शस्त्रक्रियेनंतर पट्टीतून रक्त झिरपले तर ते लगेच दिसणे हेच हिताचे असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कपडा धुऊन द्यावा. नव्या कापडात खळ असते, रंग पक्का बसलेला नसतो, कारखान्यातील प्रक्रियेचे अंश असतात. आपल्याकडे घडी न मोडलेलेच वस्त्र भेट द्यावे असा रिवाज आहे. लग्नात तो योग्य आहे. रुग्णालयात मात्र दोनदा धुतलेला, मऊ पडलेला सदरा हीच खरी भेट. नवजात बाळाच्या बाबतीत आपल्या आज्या हे जाणून होत्या. जुन्या धोतराची झबली आणि जुन्या लुगड्यांची दुपटी त्या शिवत, ती काही केवळ काटकसर म्हणून नव्हे. जर आणि लेस लावलेले, बाळाला टोचणारे झबले-टोपडे छायाचित्रापुरते ठीक. हे सारे सांगणे माझ्या गल्ल्याच्या विरुद्ध आहे याची मला कल्पना आहे.

पैशाच्या पाकिटाविषयी आपल्यात दोन मते आहेत. भेटायला गेल्यावर हातावर रक्कम ठेवायची आणि त्या घरात ती वहीत लिहून ठेवायची, ही पद्धत तरुण मंडळींना जुनाट वाटते. मला ती तशी वाटत नाही. विमा ठाऊक नव्हता त्या काळी समाजाने उभी केलेली ही बिनव्याजी उसनवारीची व्यवस्था होती; ज्याच्यावर वेळ आली त्याच्याकडे दहा घरांतून रक्कम जमे आणि पुढे ज्याची वेळ येईल त्याच्याकडे ती जाई. अपघात आणि शस्त्रक्रिया यांचे खर्च ज्या थराला गेले आहेत, ते पाहता आजही तिची गरज आहे. पण ते पाकीट रुग्णाच्या उशाशी, चार लोकांदेखत ठेवू नये. बिल भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला बाजूला घेऊन द्यावे. पडून असलेल्या स्वाभिमानी माणसाला चारचौघांतले पाकीट औषधापेक्षा कडू लागते.

आणि त्या बिल भरणाऱ्या, रात्रभर बाकावर बसणाऱ्या माणसाला भेट म्हणून काय देतो आपण? रुग्णाला सारे काही मिळते. त्याला कोणी विचारत नाही. घरचे ताजे जेवण, थर्मास, अंगावर घ्यायची चादर, लांब वायरचा मोबाइल चार्जर, यांतली कोणतीही वस्तू फळांच्या करंडीपेक्षा उपयोगाची. "आज रात्री मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा" असे म्हणणारा माणूस तर त्याहून मोलाचा. आपल्या भागातून कर्करोगाच्या उपचारांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी आसरा शोधतात. त्यांच्यापर्यंत शहाळे घेऊन कोणी जात नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी आठवड्यातून एक डबा तेथे पोहोचवला तरी किती मोठे काम होईल.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला, त्या भागाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानातील एका नोकराच्या पत्नीची प्रसूती एका सरकारी रुग्णालयात झाली. शेजारच्याच खाटेवर एका सधन व्यापारी घरची सून होती. बाळ-बाळंतिणीला धोका होता म्हणून तिला तेथे हलवले होते. सारे सुखरूप पार पडले, नातू झाला, आणि आनंदाच्या भरात आजोबांनी वॉर्डातील मावशींच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले. दुसऱ्या दिवशी आमच्या नोकराला मुलगी झाली. बाळ हाती देताना मावशी म्हणाल्या, "काल त्यांनी दोन दिले. तुमची मुलगी आहे, तुम्ही एक द्या." तो माणूस माझ्याकडे उचल मागायला आला. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूतीचा, औषधांचा, आहाराचा आणि ने-आण करण्याचा खर्च जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासन करते. त्या कुटुंबाला त्या प्रसूतीत खिशातून जो खर्च आला, तो एवढाच. आणि त्याचा भाव आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवर ठरला होता.

भाव कसा ठरतो हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सकाळी भवानीला जो दर दिला, तो दिवसभर मागितला जातो. त्या आजोबांचा हेतू निर्मळ होता. मावशींचा पगार तुटपुंजा, काम घाणीचे आणि कष्टाचे, हेही मला मान्य आहे. परंतु आपण ज्याला खुशी म्हणतो, ती पुढच्या खाटेवर पोहोचेपर्यंत दर झालेली असते, आणि ती खाट बहुधा गरिबाची असते. मुलाचे पेढे नि मुलीची बर्फी हा भेद घरी हसण्यावारी जातो. तेथे तो रुपयांत मोजला जातो, हेही जाता जाता ध्यानात घ्यावे.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व कर्मचारी लोकसेवक आहेत. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवणाऱ्याला संरक्षण आहे. "सर, आमच्या पेशंटकडे जरा लक्ष असू द्या" असे म्हणत शस्त्रक्रियेपूर्वी पुढे केलेले पाकीट, त्यावर स्वस्तिक काढलेले असले तरी, भेट ठरत नाही.

खासगी डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णाने उपचार संपल्यावर दिलेल्या लहानशा भेटीत गैर काही नाही. परंतु उपचार चालू असताना ती नकोच. डॉक्टर प्रामाणिक असला तर ओशाळतो, नसला तर चटावतो. सोन्याचे नाणे, महागडे घड्याळ, भारी मोबाइल दिला, की पुढच्या तपासणीला जाताना दोघांच्याही मनात ती वस्तू असते. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू, सहली, रोख रक्कम घेऊ नये, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मधील दुरुस्तीने झाली. अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की या भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णावरच पडतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो निकाल वाचताना समाधान वाटले. ज्या खर्चाने दुसऱ्याला नियम मोडायला लावले, तो खर्च धंद्याचा कसा म्हणायचा? आणि कंपनीने दिलेली भेट डॉक्टरांच्या निर्णयाला स्पर्श करते असे आपण म्हणत असू, तर आपली भारी भेट तेवढी निरुपद्रवी, असे कसे म्हणता येईल?

शाल-श्रीफळाचेही जरा तपासून पाहू. नावाजलेल्या डॉक्टरांच्या घरी शालींचे गठ्ठे पडलेले असतात. त्यांतील काही माझ्याच दुकानातून गेलेल्या आहेत. शाल द्यायचीच असेल तर निदान रेशमी तरी देऊ नये. हजारो जीव उकळत्या पाण्यात घालून काढलेला धागा, जीव वाचवणाऱ्याच्या खांद्यावर आपल्या घरातून जावा, हे मला कधी पटलेले नाही. खादीचे एक उत्तम उपरणे त्याहून शोभते.

मग द्यावे काय? पत्र द्यावे. स्वतःच्या हाताने, मराठीत, एक पानभर. कोणत्या तारखेला दाखल झालो, कोणत्या वॉर्डात होतो, कोणी काय केले. त्यात रात्रपाळीच्या सिस्टरांचे नाव असावे, ड्रेसिंग करणाऱ्या ब्रदरांचे असावे, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांचे असावे, आणि त्याची एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना द्यावी. तक्रारीची पत्रे त्यांच्याकडे रोज येतात. चांगल्या कामाची लेखी दखल क्वचितच पोहोचते. एका परिचारिकेने असे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये जपून ठेवलेले मी पाहिले आहे. मिठाई द्यायची असेल तर घरी सोडल्याच्या दिवशी, आणि तीन पाळ्यांसाठी तीन वेगळे डबे द्यावेत. सकाळपाळीला दिलेला एकच मोठा डबा रात्रपाळीपर्यंत कधीही पोहोचत नाही, आणि रात्रभर जागलेल्या त्याच असतात.

याहून अधिक देण्याची ज्याची ऐपत आणि इच्छा असेल, त्याने संस्थेला द्यावे आणि पावती घ्यावी. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, ते सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीच्या आधाराने. पुण्याच्या ससून रुग्णालयाला डेव्हिड ससून यांच्या देणगीचा आधार होता. दोघेही व्यापारी. आज सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत, मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग आणि गरीब रुग्णांसाठी निधी आहे. त्या आजोबांचे दोन हजार रुपये तेथे गेले असते, तर शेजारच्या खाटेला त्याचा जाच नव्हे, उपयोग झाला असता. आपल्या शास्त्रांत औषधदान आहे. बक्षिसी कोठे आढळत नाही.

पैसा नसलेल्यालाही देण्यासारखे पुष्कळ आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र बसलेला असतो. घाबरलेल्या कुटुंबाला एवढे सांगणे, त्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जाणे, शिधापत्रिकेची आणि उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत काढून आणणे, यात अर्धा दिवस जातो, पण बिलात फरक पडतो. रक्ताचेही तसेच. १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. म्हणजे रक्तपेढीतील प्रत्येक पिशवी कोणीतरी दिलेली भेटच असते. प्लेटलेट तर पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला दहा जणांनी जाणे अधिक उपयोगाचे. अठरा ते पासष्ट वयाच्या निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. माझे वय त्या मर्यादेजवळ आले आहे. समोर बसलेल्या युवकांचे नाही.

महिला मंडळाच्या भगिनींनी बंदांचे सुती गाऊन शिवून देण्याची तयारी दाखवली आहे. कापड माझ्याकडून, धुऊन येईल. ट्रस्टच्या कार्यालयात आजपासून एक नोंदवही ठेवली आहे. पहिल्या पानावर रक्तदात्यांनी आपला रक्तगट आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा, दुसऱ्यावर ज्यांना रात्री रुग्णाजवळ बसणे शक्य आहे त्यांनी आपले वार. सध्या मंगळवार आणि शनिवार रिकामे आहेत.

जय जिनेंद्र.